जावईबापूंचं स्थळ

खोली भाड्याने देण्याआधी आमच्या मालकीणबाईंनी माझा पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, की बँकेतलं ओळखपत्रही बघितलं नाही. त्यांनी माझ्या चपला बघितल्या. दारात काढलेली एक चप्पल उलटी केली, टाच निरखली आणि म्हणाल्या, "उजवीकडे झिजते. म्हणजे घाईत असता, पण खोटं बोलत नाही. या राहायला." टाचेचा आणि खरेपणाचा संबंध काय, हे त्या घरात इतकी वर्षं राहूनही मला कधी उमगलं नाही. विचारायची सोय नव्हती. विचारलं की त्या दुसरीही चप्पल तपासायला घ्यायच्या.

लोणावळ्यात त्यांना सगळे मावशी म्हणायचे. स्टेशनवर रिक्षात बसून "लग्नवाल्या मावशी" एवढं म्हटलं की रिक्षा थेट आमच्या फाटकाशी येऊन थांबायची. नवरा रेल्वेत होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी व्हरांड्यातल्या एका बाकड्यावर बसून लोकांची लग्नं जमवण्यात घालवली होती. "खंडाळ्यापासून तळेगावपर्यंत कुठल्याही लग्नात जा," त्या म्हणायच्या, "निम्म्या जोड्या माझ्या असतील. उरलेल्या निम्म्या भांडत असतील."

मी राहायला गेलो तोवर त्यांनी हा उद्योग बंद केला होता. कारण मोबाईल. "आता मुलं बोटानं मुली सरकवतात. मी बाजारात शेवग्याची शेंगसुद्धा वाकवून बघते हो." आता तिशी उलटून गेलेला, बिनलग्नाचा, सरकारी बँकेतला भाडेकरू समोर दिसत असताना त्यांच्या हाताला खाज सुटायला हवी होती. पण नाही. एकदा मीच लाजत लाजत विषय काढला, तर म्हणाल्या, "भाडेकरूचं लग्न जमवलं की तो मोठं घर बघतो. मी माझ्याच पोटावर पाय देऊ?" तो विषय तिथेच मिटला.

धंदा बंद झाला तरी पद्धती सुटल्या नव्हत्या. मावशींचा पहिला नियम असा, की स्थळ न सांगता बघावं. सांगून गेलं की उशांनासुद्धा नवे अभ्रे असतात. दुसरा, हात धुवायच्या निमित्ताने मागच्या मोरीपर्यंत जाऊन यावं, कारण पुढची खोली पाहुण्यांची असते आणि मागची घरच्यांची. आणि तिसरा म्हणजे मुलगा बोलतो कसा हे बघू नये, समोरचं ताट उचलतो कसा हे बघावं. ह्या नियमांनी त्या भाजीवाला, गॅसवाला, डोळ्यांचे डॉक्टर, सगळे निवडायच्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी त्यांनी त्या डॉक्टरांच्या दवाखान्याची मोरी बघून घेतली होती. डॉक्टर स्वतः दाखवायला गेले होते, हे विशेष.

त्या घरात तिसरा प्राणी होता तो म्हणजे जावई. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालायची आपल्याकडे रीत आहे. अशाच एका अधिक महिन्यात एक पिवळसर गावठी कुत्रा फाटकातून आत आला, मुलीकडची मंडळी बसायची त्या बाकड्यावर चढून बसला, समोर आलेलं सगळं खाल्लं, जेवणाला उशीर झाल्यावर रुसला आणि कुठल्याही कामाला शेपूट हलवलं नाही. "हा जावईच," मावशी म्हणाल्या. तेव्हापासून ते जावईबापू. जावयाला अरेतुरे कोण करणार? "अहो, पाय पुसून या." "अहो, त्या बोक्याशी तुमचं काय वाकडं आहे?" पोस्टमनही सायकल लावताना म्हणायचा, "जावई, जरा बाजूला व्हा." मी नवा असताना एकदा "हट" म्हणालो, तर दोन दिवस बंबातलं गरम पाणी मिळालं नाही.

दर अधिक महिन्यात जावईबापूंना चांदीच्या वाटीत अनारसे ठेवून ओवाळलं जायचं. एक अनारसा ते खायचे, बाकीचे गल्लीतल्या लोकांना. ज्या बाईने शेकडो घरांना जावई दिले, तिचा स्वतःचा असा हा एकच. लोक हसायचे, मीही हसायचो. पण ओवाळताना मावशींचा चेहरा बघितला की हसू जरा आवरतं घ्यावं लागायचं.

जावई चौदा वर्षांचे झाले आणि त्यांची किडनी थकली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, सलाइन देत राहू, पण फार तर हिवाळा. मी मनात मावशींना धीर द्यायची वाक्यं जुळवत होतो. घरी येऊन त्यांनी चहा टाकला आणि म्हणाल्या, "रविवारी गाडी काढा. स्थळं बघायला जायचंय."

"कसली स्थळं?"

"यांना शेवटी कुठे द्यायचं, ते बघायला नको? मुलगी देताना आपण घर बघतो, विहीर बघतो. ह्यांना काय असंच कुणाच्याही हवाली करायचं?"

अंगणात पुरायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. पूर्वी एका मांजराला फणसाखाली पुरलं होतं, ते आषाढातल्या पाण्याने वर आलं. शिवाय मावशींच्या माघारी ती जागा पुतण्याकडे जाणार आणि पुतण्या ती बंगलेवाल्याला विकणार, हे उघड होतं. "जावयांच्या डोक्यावर पोहण्याचा तलाव नको," त्या म्हणाल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "आणि समजा, मीच आधी गेले तर? तुम्ही गोंधळून नगरपालिकेची गाडी बोलवाल. जागा मला माझ्या डोळ्यांनी बघू दे, म्हणजे मी निवांत मरेन." मी गाडीत पेट्रोल भरून आणलं.

पहिलं स्थळ पुण्यातलं, पाळीव जनावरांना अग्नी देणाऱ्या कंपनीचं. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर ढगांचं चित्र. एका मुलीने आमच्यापुढे तीन प्रकारच्या सेवा ठेवल्या: रजत, सुवर्ण आणि हीरक. मावशी म्हणाल्या, "भट्टी बघू." ती म्हणाली, तिथे कुणाला जाता येत नाही. "म्हणजे मुलगा दाखवायचा नाही आणि साखरपुडा करायचा?" असं म्हणून मावशी हात धुवायला म्हणून उठल्या. पाच मिनिटांनी परत आल्या त्या थेट बाहेरच. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "मागे राखेची मडकी भरून ठेवलीयत ओळीनं. चिठ्ठी एकावरही नाही. कोण कुणाचं, देवाला ठाऊक."

दुसरं स्थळ कामशेतच्या बाजूला एका फार्महाऊसवर. तिथला माणूस मधाळ बोलणारा. मंत्र म्हणता का? हो. गुरुजी असतात? हो. बँड? तोही करू. मावशींनी शांतपणे विचारलं, "हत्ती?" तो क्षणभर अडखळला आणि म्हणाला, "बघू या मावशी, करू काहीतरी." परतताना मावशींनी निकाल दिला, "जो मुलगा हत्तीला हो म्हणतो, त्याच्याकडे सायकलसुद्धा नसते."

तिसरं स्थळ सलाइन लावणाऱ्या मुलीने सुचवलं. ही कुरवंड्याची, दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी. परंदवडीच्या शिवारात एकजण आपल्याच रानात हे काम करतो, असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. आम्ही अर्थातच न सांगता गेलो. शेतात पत्र्याची शेड, तिला लागून गॅसवरची भट्टी, थोड्या अंतरावर घर. शेडपाशी वाहतूक पोलिसांतला एक हवालदार युनिफॉर्ममध्ये उभा होता आणि त्याच्या पुढ्यात टोपलीत मांजर. ज्या हवालदाराला बघून रविवारी घाटात गाड्या आपोआप रांगेत येत असतील, तो रडत होता. भट्टीवाला तिशीतला, काटक. आमच्याकडे न बघताच त्याने हात वर करून थांबायची खूण केली.

हवालदाराने डोळे पुसून विचारलं, "झालं का तुमचं?"

"तुमचं झालं का सांगा, साहेब," तो म्हणाला. "भट्टीला घाई न्हाई."

मग त्याने ते मांजर दोन्ही हातांनी उचललं. झोपलेलं लेकरू एका अंथरुणावरून दुसऱ्यावर ठेवताना उचलतात तसं. मावशींनी माझा दंड असा दाबला की वळ उठला.

हवालदार गेल्यावर त्यांनी प्रश्न सुरू केले. एका वेळी किती? एकच. राख कुणाची मिळते? ज्याची त्याची. मग तो डोकं खाजवत म्हणाला, "खोटं कशाला बोलू मावशी, विटांच्या फटीत मागच्याची चिमूटभर ऱ्हाती. कितीबी झाडली तरी ऱ्हाती." मावशींचा चेहरा उजळला. "चालेल," त्या म्हणाल्या. "सगळं धुतल्या तांदळासारखं कुणाचंच नसतं."

हे चालू असताना घरातून त्याची आई डोक्यावरचा पदर सारखा करत लगबगीने आली. मावशींना तिने लांबूनच ओळखलं होतं. तिच्या बहिणीच्या मुलीचं लग्न मावशींनीच जमवलेलं. "आवं मावशी! हितं उन्हात कुटं उभ्या ऱ्हायल्या? घरात चला." आम्हाला ओसरीवर बसवलं. मावशी सवयीने मोरीवर जाऊन आल्या आणि समाधानाने बसल्या. पाठोपाठ पोहे आले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. उभं आयुष्य कांदेपोहे खाण्यात गेलेल्या बाईला हे पोहे कशाचे आहेत, ते त्या दिवशी कळलं नाही. आपण आलो जावयांच्या कामाला, या विचारातच त्या होत्या.

"पोरगं निर्व्यसनी हाय बगा," आई म्हणाली. "सोळा गुंठं बागायत, बाकी जिरायत."

"हो, हात चांगला आहे त्याचा," मावशी म्हणाल्या. "आम्हाला पसंत आहे."

आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मंग पोरगी कुटली म्हनायची?"

"पोरगी नाही हो. पुरुष आहेत. लोणावळ्याचेच, माझ्याच घरी असतात."

आईने घाबरून माझ्याकडे बघितलं. माझ्या घशात शेंगदाणा अडकला.

"हे नव्हेत, हे भाडेकरू," मावशी म्हणाल्या. "आमचे जावई. वय चौदा. दात गेलेत, कानानं कमी येतं, पण स्वभाव देवमाणसाचा. फक्त बोका दिसला की भान राहत नाही."

आईने आधी लेकाकडे बघितलं, मग शेडकडे, आणि तिला उलगडा झाला. ती उठली आणि माझ्या हातातली अर्धी उरलेली बशी काढून घेतली. मावशींची मात्र राहू दिली, थोरपणाचा मान म्हणून असेल. "कुत्र्यासाठी आलाय व्हय तुमी! मला वाटलं, कुणीतरी आलं एकदाचं माझ्या पोरासाठी."

मग सगळं बाहेर पडलं. मुलगा आधी कंपनीत भट्टीवर होता. कंपनीने माणसं कमी केली, तेव्हा त्याने हातातल्या कामाचंच हे सुरू केलं. काम चालत होतं, पण लग्न जमत नव्हतं. पाहुणे येत, मुलगा काय करतो विचारत, आणि चहा तसाच ठेवून उठत. गावातली पोरं त्याला बघून भुंकत. शेवटी आईने शपथ घातली होती आणि त्याने मान्य केलं होतं. "दसऱ्याला बंद करायचं ह्ये," ती म्हणाली. "चुलत्यानं दुसऱ्या कंपनीत सांगून ठेवलंय." तो मान खाली घालून पायाने माती उकरत होता.

परतीच्या वाटेवर सोमाटणे फाटा येईपर्यंत मावशी बोटांवर महिने मोजत होत्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला स्पष्ट दिसत होतं. जावईबापूंना हिवाळ्यापर्यंत मुदत आणि भट्टीला दसऱ्यापर्यंत. एवढं मनासारखं स्थळ मिळालं आणि तेच हातचं जाणार. टोलनाका ओलांडल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "दुकान उघडावं लागणार."

मी म्हणालो, "मावशी, एका कुत्र्यासाठी तुम्ही माणसाचं लग्न जमवणार?"

"लोक बागायतीसाठी जमवतात, हुंड्यासाठी जमवतात. त्या मानानं माझं कारण सोज्वळ आहे," त्या म्हणाल्या. "आणि कुत्रा कुणाला म्हणालात?"

मुलगी शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. काखेत कळसा होता. कुरवंड्याची ती सलाइनवाली मुलगी जावईबापूंना कुणी न शिकवता "अहो" म्हणायची. "अहो, हात द्या बघू. शहाणे ना तुमी?" तिचंही लग्न जमत नव्हतं. हातांवर सतत ओरखडे, अंगाला औषधांचा वास, आणि बघायला आलेल्या मुलाला ती आधी विचारायची की घरात जनावर आहे का. नाही म्हणाला की हीच उठायची.

मावशींनी भट्टीवाल्याला निरोप धाडला. जावयांचं माप घ्यायला दवाखान्यात या, भट्टीतला ट्रे पुरेल की नाही बघून घ्या. तो बिचारा कामावरून टेप घेऊन तसाच आला. अशा रीतीने बघण्याचा कार्यक्रम जनावरांच्या दवाखान्यात, तपासणीच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून झाला. मधे आमचे जावई आडवे. त्या दिवशी त्यांची शीर सापडत नव्हती आणि ते कण्हत होते. त्याने टेप खिशात घातला, दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं आणि म्हणाला, "जरा दम धरा, पावनं." सुई पहिल्याच खेपेला लागली. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"वजन काय हाय?" त्याने विचारलं.

"लय उतरलंय. आधी चांगले जाडजूड व्हते."

"भट्टी तुमी चालवता ती?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"व्हय. पर दसऱ्याला बंद करतोय."

"का?"

तो जावईबापूंच्या कानामागे खाजवत राहिला. मावशींनी मला कोपर मारलं आणि म्हणाल्या, "चला, आपण चिक्की घेऊन येऊ."

"चिक्की? आपण? लोणावळ्यात राहून?"

"तुमचं लग्न का होत नाही, ते मला आज कळलं," असं म्हणून त्यांनी मला बाहेर ओढलं.

मुलामुलीचं जमलं. अडलं ते आईपाशी. सून पसंत होती, पण सुनेची अट होती. "मी दवाखाना सोडनार न्हाई आन् ह्यांनी भट्टी सोडायची न्हाई." आईने धरणंच धरलं. मावशी तिच्या ओसरीवर तीन दुपारी जाऊन बसल्या. काय काय बोलल्या ते मला कळलं नाही. मी गाडीत बसून असायचो. ओसरीवर गेलो तरी पोहे मिळणार नव्हते. शेवटी आई म्हणाली, "करा काय करायचं ते. पर मी त्या शेडात पाऊल टाकनार न्हाई. तिकडं बगनारबी न्हाई. माझ्यापुढं त्याचं नाव काढायचं न्हाई." मावशींनी ते लगेच मान्य केलं. दसऱ्याला त्या पोराने भट्टीला झेंडूचा हार घातला. आईने शेताची अवजारं पुजली आणि शेडकडे पाठ करून घरात गेली.

लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं धरलं. मावशी पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या. फोन, याद्या, रुसवेफुगवे, सगळं आनंदाने. मुलीला आई नव्हती, त्यामुळे तिकडचंही बरंचसं ह्याच बघत होत्या. जावईबापू बाकड्यावर पडून हे सगळं ऐकत. आता त्यांना उचलून खाली घ्यावं लागे. मावशी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "तुमच्यामुळे जमलं हो. लग्नाला यायचंय." आणि मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी जावईबापूंनी चमचाभर दूधभात खाल्ला, मावशींच्या पायावर डोकं ठेवलं आणि गेले. त्रास काही नाही. मावशींनी पदराने त्यांचं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "जावई गेले." मी फोन हातात घेतला तर त्यांनी तो काढून घेतला.

"नाही. आज हळद आहे तिथे. हळद लागल्यावर नवरदेवानं शीव ओलांडायची नसते. आणि मयताचं काम? मनातही आणू नका. आजवर माझ्यामुळे एकाही लग्नात विघ्न आलेलं नाही."

"पण मावशी, हे सगळं तुम्ही कशासाठी केलं मग?"

"ते केलं ते केलं," त्या म्हणाल्या. "आता त्यांचं लग्न त्यांचं आहे. त्या काचेच्या दारवाल्यांकडे जाऊ. मी समोर उभी राहीन. मडक्यावर चिठ्ठी माझ्या हातानं लावीन."

लग्नं जमवल्याबद्दल मानाच्या म्हणून मिळालेल्या शालींची त्यांच्याकडे एक पेटी भरलेली होती. त्यातल्या दोन त्यांनी बाजूला टाकल्या, एक हलकी म्हणून आणि एक "त्या जोडप्यानं पुढे फार भांडणं केली" म्हणून. तिसरी, मोरपंखी, जावईबापूंना गुंडाळली. मी त्यांना मागच्या सीटवर ठेवलं. मावशी त्यांच्याजवळ बसल्या. वडगाव गेलं, तळेगाव गेलं, आणि मागून एक शब्द नाही. लग्नाच्या यादीत एक नाव चुकलं तर तासभर बोलणारी ही बाई. मला ते सोसेना. सोमाटणे फाट्यावर मी काही न विचारता गाडी वळवली.

"अहो, कुठे चाललात?" मावशी ओरडल्या. परंदवडीत शिरलो तसा स्पीकरवरचा आवाज कानावर यायला लागला. रानातल्या त्या घरापुढे मांडव पडला होता, आत बायका हळद लावत होत्या. मी गाडी थांबवली. नवरदेवाची आई पिवळ्या हातांनीच हसत बाहेर आली. मावशींनी काच खाली केली. "आम्ही उतरत नाही," त्या घाईने म्हणाल्या. "शुभकार्य आहे तुमचं. हा वेडा उगाच वळला. उद्या येतेच मी अक्षतांना."

आईने मागच्या सीटवर बघितलं. मोरपंखी शाल बघितली. तिचं हसू मावळलं.

"कवा?"

"सकाळी."

"आन् आता कुटं निगाला?"

"पुण्याला. तिथे आहे एक जागा."

"पुन्याला?" तिचा आवाज चढला. मांडवातल्या बायका वळून बघायला लागल्या. "आमच्या दारावरनं फुडं? ज्याच्यापायी माझ्या घरात सून यायली, त्याला तुमी दुसऱ्याच्या दारात न्यायला लागला? मंग आमी काय मेलो का काय? लोकांनी त्वांडात शेन घातलं तवा न्हाई वाटली येवढी लाज, ती आज वाटायली."

हळदीने माखलेला नवरदेव पाटावरून उठला होता. आईने तिथूनच हात केला. "तू बस. हळदीचा हायेस तू. पाटावरनं उठायचं न्हाई." मग तिने कुणाला तरी स्पीकर बंद करायला सांगितला, पदराने हात पुसले आणि शेडची किल्ली मागितली.

"आई, तुला कुटं येतंय ते?" पोरगा म्हणाला.

"खिडकीतनं सारं दिसतंय," ती म्हणाली. "दोन वर्सं बगतीया. आधी हवा, मंग गॅस. एवढं येतंय मला."

जिने तिकडे बघणार नाही म्हणून सगळ्यांपुढे सांगितलं होतं, ती पुढे आणि आम्ही मागे. मी जावईबापूंना उचलून शेडपर्यंत नेलं. मावशी शाल सारखी करायला पुढे झाल्या, तर आईने त्यांना हाताने अडवलं. स्वतः वाकून दोन्ही हात खाली घातले, हळदीचे ठसे शालीवर उमटले त्याची पर्वा न करता, आणि जावईबापूंना माझ्याकडून घेतलं. "या जावईबापू," ती म्हणाली. "दमला असाल." मग मावशींकडे वळून म्हणाली, "तुमी बसा, इहीनबाई. आज काम आमचं. तुमी फकस्त मानानं बसायचं."

ज्या बाईने मावळातल्या निम्म्या बायकांना विहिणी करून दिल्या, तिला त्या दिवसापर्यंत कुणी विहीणबाई म्हटलं नव्हतं. मावशी शेडच्या खांबाला धरून खाली बसल्या आणि हमसून रडल्या. चौदा वर्षांचं, आणि त्याच्या आधीचंही. मीही रडलो, ते सांगायला लाज कसली. भट्टी पेटल्याचा आवाज आला तशा त्यांनी डोळे पुसले, माझा दंड धरला आणि रडता रडताच म्हणाल्या, "बघितलंत ना? घराणं चांगलं निघालं."